साडेसातची गाडी: तासगाव तालुक्यातलं आमवाताचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या बाई तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या. वय आज एक्केचाळीस. नवरा द्राक्ष-बेदाण्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर, घरात सासू, मुलगी बारावीला, मुलगा नववीला. रान वीस गुंठे, त्यात खाण्यापुरती ज्वारी निघते. आजार आमवात, दवाखान्याच्या कागदावर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मी त्यांना वहिनी म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी डॉक्टर नाही. कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, एवढाच संबंध. त्यामुळे हे लिखाण हिशेबाकडे जास्त झुकलंय. आकडे घरच्यांनी आठवून सांगितलेले, काही मुकादमाच्या वहीतले, आणि सगळे गोल केलेले आहेत.

आमवाताचा खर्च म्हटलं की लोक आधी औषधाचा भाव विचारतात. या घराला औषधं परवडली. परवडली नाही ती सकाळ.

कात्री उघडेना

ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडले की आमच्याकडे बागांतून बायकांच्या टोळ्या लागतात. मंडपाखाली उभं राहायचं, हात खांद्याच्या वर धरायचे आणि बारक्या कात्रीने घडातले दाटीचे मणी काढायचे. ही विरळणी. टोळीची गाडी साडेसातला पारापाशी येते, आठला बागेत उतरवते. वहिनींचा हात टोळीत चलाख म्हणून ओळखला जायचा. वर्षाकाठी आठेक महिने काम, महिन्याला वीसच्या आसपास हजेऱ्या, तीनशे रुपये हजेरी. म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस हजार. टेम्पोच्या पगारावर घर चालायचं आणि या पैशांवर शाळा, दवाखाना आणि सणवार.

नोव्हेंबर २०२१ मध्ये विरळणी ऐन भरात असताना त्यांना कात्री उघडेना. दोन्ही हातांच्या बोटांची मधली पेरं आणि मुळं सुजली, मग मनगटं, मग पायाचे चवडे. ज्याला त्याला कारण माहीत होतं. फवारणीचं औषध उतरलं, डिपिंगच्या, म्हणजे घड बुडवायच्या औषधाच्या, पाण्यात हात राहिले, थंडी बाधली. दहा-साडेदहापर्यंत हात हळूहळू सैल व्हायचे आणि दुपारी त्या बऱ्यापैकी काम ओढायच्या. मला त्यांनी सांगितलं ते असं: "कोंबडं आरवलं की मी उठती सर, पर हात उठाय धा वाजत्यात."

आमवाताची खूण हीच आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते, अस्तर सुजतं, आणि रात्रभर हालचाल नसल्याने सकाळी सांधे आखडलेले असतात. ही आखड तास-दोन तास, कधी त्याहून जास्त टिकते. वयानुसार झिजलेल्या गुडघ्यांचं तसं नसतं. तेही सकाळी आखडतात, पण बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतात, आणि दिवसभराच्या चालण्याने संध्याकाळी ठणकतात.

आता या घरातली गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. सासूबाईंचे गुडघे झिजलेले. त्यांचं दुखणं सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. सुनेचं बरोबर उलटं. म्हातारीने आपल्या दुखण्यावरून सुनेचं मोजलं आणि तिला ते खोटं वाटलं. "सकाळी म्हातारी आन् दुपारी तरणी, आसला कसला रोग?" हे वाक्य घरात इतक्यांदा बोललं गेलं की मुलगाही ते चालीवर म्हणायला लागला. सासूबाई वाईट नाहीत. पुढे दवाखान्यासाठी बोरमाळ त्यांनीच काढून दिली. पण त्या दोन वर्षांत घरात वहिनींचं दुखणं कुणी खरं धरलं नाही, आणि बायकांच्या आजारात घराने खरं धरल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढता येत नाही.

मुकादमाचं गणितही सकाळचंच. साडेसातला पारावर नसेल तिची हजेरी नाही. साडेदहाला बागेत नेऊन सोडणारी गाडी नसते आणि उशिरा आलेल्या बाईला अर्धी हजेरी देण्याची रीतही नाही. वहिनी दुपारी काम करू शकत होत्या तरी त्यांचा अख्खा दिवस जायचा. मुकादमाच्या वहीत पहिल्या वर्षी त्यांच्या हजेऱ्या निम्म्यावर आल्या. दुसऱ्या वर्षी पंचेचाळीसच्या आसपास. वर आधीच घेतलेली उचल अंगावर राहिली ती वेगळीच.

दोन वर्षं कुठे गेली

पहिल्यांदा मेडिकलमधून पुडीत बांधून मिळणाऱ्या गोळ्या. मग गावातल्या दवाखान्यात आठवड्याला सुई. सुई टोचली की दोन-तीन दिवस बरं, पुन्हा तेच. एका ठिकाणी युरिक अॅसिड तपासलं, ते काठावर निघालं, आणि तूरडाळ, टोमॅटो, वांगं, आंबट सगळं बंद झालं. घरातल्या बाईने डाळ सोडली की मजुरीच्या घरात ताटात उरतं काय? वजन घटलं. दुसऱ्या ठिकाणी आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली, आणि 'तुम्हाला वाताचा आजार नाही' असं सांगून परत पाठवलं. हा सगळ्यात महाग कागद ठरला. आमवात असलेल्या बऱ्याच रुग्णांत, ढोबळमानाने पाचातल्या एकात, आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो. अँटी-सीसीपी नावाची आणखी एक तपासणी असते, आणि कागदापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे सुजलेली पेरं हाताने दाबून बघायची असतात.

मग कुणीतरी एका ठिकाणची पूड सांगितली. महिन्याला दीड हजार. आठवड्यात फरक. वहिनी पुन्हा टोळीत जाऊ लागल्या, गाल भरले, लोक म्हणाले अंग धरलं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, हे संधिवाताचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेत. या पुडीत काय होतं ते कुणी तपासलं नाही, पण भरलेले गाल, चढलेलं ब्लडप्रेशर आणि पूड बंद केल्यावर अंथरुणाला खिळणं हे सगळं त्याच दिशेला बोट दाखवतं. पूड चालू असताना दुखण्याच्या गोळ्याही चालूच होत्या. हे दोन्ही एकत्र पोटाला फार वाईट. ऑगस्ट २०२३ मध्ये काळी शी झाली, म्हणजे पोटातून रक्त जात होतं, चक्कर आली, हिमोग्लोबिन सहावर. जवळचं म्हणून ज्या खासगी दवाखान्यात नेलं तो सरकारी योजनेत नव्हता. रक्ताच्या बाटल्या, पोटाची दुर्बिणीतून तपासणी, पाच दिवसांची खोली मिळून चोवीस हजार. बोरमाळ गेली ती तेव्हा. ती पतसंस्थेत गहाण आहे, अजून सुटलेली नाही.

तिथल्याच एका तरुण डॉक्टरने हात बघितले आणि सांगलीला संधिवाततज्ज्ञाकडे जायला सांगितलं. तासगावाहून सांगली पंचवीसेक किलोमीटर. शेजारचं मिरज तर शंभराहून जास्त वर्षं दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल उभारलं, आणि आजही कर्नाटकातून रुग्ण रेल्वेने मिरजेला येतात. तरी एवढ्या जवळ पोचायला या बाईंना पावणेदोन वर्षं लागली, कारण कुणाकडे जायचं हेच ठाऊक नव्हतं. हाडाचा डॉक्टर माहीत असतो. संधिवाताचा वेगळा डॉक्टर असतो हे आमच्या शिक्षकांच्या खोलीतही निम्म्यांना माहीत नव्हतं.

अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली. एक्स-रेमध्ये दोन्ही हातांच्या पेरांवर हाड कुरतडल्याच्या खुणा. ती झीज भरून येत नाही, पुढची थांबवता येते.

हिशेब

निदानापूर्वीचा खर्च असा मांडला. सुया आणि गोळ्या अठरा हजार. पूड पाच महिने, साडेसात हजार. तपासण्या आणि एक्स-रे पाच हजार. दवाखान्यात दाखल होणं चोवीस हजार. एकूण साडेचोपन्न हजार. बुडालेली मजुरी पहिल्या वर्षी चोवीस आणि दुसऱ्या वर्षी साडेचौतीस, म्हणजे साडेअठ्ठावन्न हजार. दोन्ही मिळून एक लाख तेरा हजार. यात नवऱ्याचे बुडालेले खाडे नाहीत, बोरमाळेचं व्याज नाही.

निदानानंतरचा महिन्याचा खर्च: मेथोट्रेक्सेट, फॉलिक अॅसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि कॅल्शियम मिळून सहाशे. रक्त, लिव्हर, किडनीच्या तपासण्या दोन-अडीच महिन्यांनी, त्या महिन्याला तीनशेच्या घरात पडतात. डॉक्टरांची फी दोन महिन्यांनी सहाशे, म्हणजे महिन्याला तीनशे. प्रवास आणि चहापाणी शंभर. बेरीज तेराशे. वर्षाला पंधरा हजार सहाशे.

म्हणजे चुकीच्या वाटेने घालवलेल्या दोन वर्षांच्या पैशांत बरोबर वाटेचे सात वर्षांचे उपचार झाले असते. मी हा भागाकार वहिनींच्या नवऱ्यासमोर वहीवर करून दाखवला. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग आधी का न्हाई कुणी सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यांचं एवढ्या स्वस्तात भागतं असं नाही. या गोळ्या काहींना पुरत नाहीत. मग जैविक इंजेक्शनं येतात. भारतात २०१४ अखेरीस त्यातल्या अॅडालिमुमॅब या औषधाची देशी आवृत्ती आल्यापासून त्यांचे भाव उतरले, तरी मजुरी करणाऱ्या घराला ती पेलत नाहीत. टोफासिटिनिब नावाच्या दुसऱ्या औषधाच्या देशी जेनेरिक गोळ्या त्यामानाने पुष्कळ स्वस्त आहेत, पण त्यांच्यासाठी आधी क्षयाची तपासणी लागते, आणि वय झालेल्या किंवा तंबाखू-विडी ओढणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका बघावा लागतो. वहिनींवर अजून ती वेळ आलेली नाही.

'ही कॅन्सरची गोळी आहे'

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. रोज घेतली तर जिवावर बेतते. वहिनींच्या घरी मुलाने स्ट्रिपवर बॉलपेनने 'रवी', म्हणजे रविवार, असं प्रत्येक गोळीपाशी लिहून ठेवलेलं मी पाहिलं. ही त्याची स्वतःची युक्ती. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' हे इंग्रजीत आणि संक्षेपात होतं. सहा महिन्यांत सकाळची आखड तासाच्या आत आली, सूज उतरली.

मे २०२४ मध्ये नेहमीचं मेडिकल बंद होतं म्हणून दुसरीकडे गोळ्या घ्यायला गेल्या, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ही कॅन्सरची गोळी आहे, कशाला घेता? त्याचं म्हणणं निव्वळ खोटं नाही. हेच औषध कॅन्सरमध्ये कितीतरी मोठ्या मात्रेत वापरतात. आमवातात ते दशकानुदशकं अगदी कमी मात्रेत, आठवड्याला एकदा दिलं जातं आणि जगभर पहिलं औषध म्हणून तेच वापरतात. पण हे दवाखान्यात कुणी सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर चांगले, औषध बरोबर, फक्त 'हे आठवड्याला का आणि कुणी काही म्हटलं तर काय समजायचं' ही दोन मिनिटं राहून गेली. वहिनींनी गोळी बंद केली. घरात कुणाला बोलल्या नाहीत. (मूल होऊ द्यायचं असलेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईने मात्र हे औषध घ्यायचं नसतं, त्याबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलायचं असतं. तिथे भीती खरी आहे.)

जुलैत आजार पूर्वीपेक्षा जोरात उलटला. आणि त्याच महिन्यात माझ्या अकरावीच्या हजेरीपत्रकात एका मुलीचे पहिले दोन तास रोज कोरे दिसू लागले.

सकाळ कुणी उचलली

मुलगी सांगेना. "उशीर होतो सर," एवढंच. घरी गेलो तेव्हा उलगडलं. पाणी भरणं, चूल, सगळ्यांच्या भाकऱ्या, भावाचा डबा, आणि त्याच्या आधी आईची वेणी, ब्लाउजची बटणं, परकराची नाडी. नाडीची गाठ हा शब्द वहिनींनी मान खाली घालून उच्चारला. भाकरी थापायला पंजा सपाट आणि मनगट मोकळं लागतं. ते बंद झालं तेव्हा घरातली सगळ्यात मोठी जबाबदारी सोळा वर्षांच्या पोरीकडे आपोआप गेली. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. माझ्या हिशेबाच्या वहीत या तासांना रकाना नव्हता. मजुरी बुडाली की मुकादमाच्या वहीत दिसते, तास बुडाला की फक्त हजेरीपत्रकात दिसतो, आणि तो आकडा घरखर्चात कुणी धरत नाही.

दुसरी गोष्ट बांगड्यांची. संक्रांतीला कासारीण आली. पेरं सुजलेली, काचेची बांगडी मुठीवरून चढेना. साबण लावून, दाबून पाहिलं, दोन फुटल्या, हात कापला. नवरा असून हात मोकळे, म्हणून वहिनींनी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. शेजारणींना वाटलं गर्व आला. शेवटी सांगलीच्या बाजारातून उघड्या तोंडाची पितळी कडी आणली, ती मनगटाला बाजूने अडकवता येतात. तीस रुपयांची वस्तू, पण त्या वर्षात त्या घराबाहेर पडल्या त्या या कड्यांमुळे असं त्या स्वतः सांगतात. नवरा-बायकोतल्या अंतराबद्दल त्या एवढंच बोलल्या की रात्री कूस बदलायची भीती वाटते. पुढचं मी विचारलं नाही.

योजना आणि कागद

महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या गोळ्या, रक्ततपासण्या, तज्ज्ञाची फी तिच्यात बसत नाही. पोटातून रक्त जाऊन दाखल व्हायची वेळ आली तर योजनेचं कार्ड उपयोगी पडू शकतं. ती वेळ येऊ नये म्हणून लागणारे महिन्याचे तेराशे घरचेच. आमवातासारख्या, वर्षानुवर्षं बाह्यरुग्ण म्हणून चालणाऱ्या आजाराला ही रचना उलटी लागू पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

अपंगत्वाचा दाखलाही काढून पाहिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बहुतेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के लागतात. वहिनींचं मूल्यमापन त्याच्या खाली आलं. तपासणी झाली दुपारी दीडला. नियमाप्रमाणे सांध्याची कायमची हानी मोजतात, सकाळी सातला मूठ वळते का हे मोजायचा त्यात रकाना नाही.

उपयोगी पडल्या त्या दोन सरसकट योजना, आजाराशी काही संबंध नसलेल्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे पंधराशे. पंधराशे येतात, तेराशे जातात. त्या पैशांना वहिनी 'गोळीचं पैसं'च म्हणतात, आणि एखादा हप्ता लांबला की रक्ततपासणी पुढे ढकलली जाते.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये घरोघरी पाहणी केली होती, तिच्यात आमवाताचं प्रमाण प्रौढांत साधारण अर्धा टक्का निघालं. आमच्याकडच्या चार हजार प्रौढांच्या गावाला ते लावलं तर वीसेक माणसं होतात, त्यात बायका जास्त. वहिनींना त्यांच्या गावात दुसरं कुणी माहीत नाही. बाकीच्या कुठल्या पुडीवर असतील कोण जाणे.

वेळ बदलली

ऑगस्ट २०२४ मध्ये औषध पुन्हा सुरू झालं, सोबत थोडे दिवस कमी मात्रेचं स्टेरॉइड, या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सांगलीच्या त्या भेटीत मी बरोबर होतो आणि आठवड्याच्या गोळीचं कारण मराठीत विचारून घेतलं. सासूबाईही हट्टाने आल्या होत्या. डॉक्टरांनी दोघींचे एक्स-रे शेजारी धरून, एकीचं सकाळी का दुखतं आणि दुसरीचं संध्याकाळी का, ते समजावलं. चालीवरचं ते वाक्य घरातून त्यानंतर गेलं. दिवाळीपासून सकाळच्या भाकरी सासूबाई बसून थापतात, मुलगी फक्त पाणी भरते. पहिला तास अजून अधूनमधून चुकतो.

विरळणीला वहिनी गेल्या नाहीत. आखड आता पाऊण तासावर आहे, पण हात वर धरून आठ तास जमत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेदाण्याचा हंगाम लागला तेव्हा मी आणि त्यांचे मिस्टर एका शेडमालकाकडे गेलो. वहिनींना कीव नको होती, वेळ हवी होती. मशीनच्या पट्ट्यावर सगळ्या बायका एकदम लागतात, तिथे उशीर चालत नाही. पण ट्रेमध्ये हाताने काड्या आणि काळे दाणे वेचायचं काम किलोवर असतं, त्याला अकराला येऊन सहाला गेलं तरी मालकाचं काही जात नाही. मालकाने डोकं खाजवलं, म्हणाला बघू. दोन दिवसांनी हो म्हणाला. बाकीच्या बायका कुरकुरल्या, त्यांचंही खरं होतं. त्यांना सकाळी घरी स्वयंपाक नसतो का? वहिनींनी त्यांना आपले हात दाखवले. एकीने स्वतःचे पुढे केले, तिची पेरं तशीच सुजलेली होती. ती पुढच्या आठवड्यात सांगलीला जाऊन आली.

किलोच्या दराने वहिनींना दिवसाला दोनशे ते सव्वादोनशे पडले. पूर्वीच्या हजेरीपेक्षा कमी, पण महिन्याला बावीस दिवस काम झालं. मुकादमाची उचल फिटली. मेअखेर शेड बंद झालं. आता कोल्ड स्टोरेजमधला माल निवडायचं काम तासगावात मिळतं, तिथली वेळ नऊची आणि गाडी सव्वाआठची. त्या गाडीवाल्याशी बोलणी चालू आहेत. दुसरी फेरी दहाला मारायला तो तयार आहे, पण त्याला निदान पाच बायका हव्यात आणि सध्या तिघीच आहेत.